आडनावाची हाक

आमच्या कामात नियम दोनच, आणि दोन्ही माझ्याच मुळावर आले. शाळेच्या सामन्यात पोरगा बॅट घेऊन आला की त्याचं नुसतं आडनाव घ्यायचं आणि त्याला 'कुन' जोडायचं, पोरांच्या नावामागे लावतात ते. पगार घेऊन खेळणारा आला की आडनाव आणि नाव दोन्ही घ्यायचं, आणि मागे काही म्हणजे काही जोडायचं नाही. बाकी आवाज सगळ्यांना सारखा. घरी कोण कुणाचं कोण लागतं ते घरी. माईकवर सगळे परके.

मी नोत्सु मिवाको. आठवडाभर तोत्तोरी नगरपालिकेच्या पाणी खात्यात बसते आणि सुट्टीच्या दिवशी बेसबॉलच्या मैदानावर, फलंदाजाच्या पाठीमागे असलेल्या काचेच्या खोलीत. खेळाडूंची नावं पुकारायची हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. चेहऱ्याने मला कुणी ओळखत नाही, पण दुकानात 'कोबी केवढ्याला?' एवढं विचारलं तरी चार माणसं वळून बघतात.

माझ्या शेजारी धावांची वही घेऊन अदाचीसर बसतात. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, मी सत्तेचाळीस, पण त्यांच्या लेखी मी अजून तिसऱ्या बाकावरचीच.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, शाळांच्या वसंत स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सर संघांच्या याद्या चाळत होते. मध्येच थांबले.

"मिवाको, मिनातो-निशी शाळेची यादी बसून वाच."

"उभ्याने वाचली तर काय अक्षरं बदलतात?"

"बस म्हणतो ना."

क्रमांक पाच, थर्ड बेस, तिसरं वर्ष. काडोवाकी हिबिकी.

माझा मुलगा.

साकाइमिनातो बंदरावरच्या काडोवाकींच्या घरातून मी बाहेर पडले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मासळीच्या घाऊक व्यापाराचं घर. नवरा वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो होता कुठे, आईच्या पदराआड उभा असायचा. सामन्यांच्या रविवारी मी नव्वद किलोमीटर गाडी हाकत इकडे यायची आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सुनेचा आवाज सगळ्या जिल्ह्याला आहे, घराला तेवढा नाही." एका जुलैमध्ये हिबिकीला ताप होता आणि मी अंतिम सामना पुकारायला आले. सकाळी निघताना ताप साधा होता. दुपारी पोराला दवाखान्यात ठेवलं, आणि मला कळलं ते संध्याकाळी, सामना संपल्यावर. मी गेले होते हे खरं आहे. ते मी आजही नाकारत नाही.

त्यानंतर कागद आला. पोरगा वीस वर्षांचा होईपर्यंत भेटायचं नाही, पत्र नाही, फोन नाही. मुलाचा गोंधळ उडतो, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आमच्याकडे संसार मोडला की मूल एका घरचं होतं, आणि दुसऱ्या घराने फाटकाबाहेरूनसुद्धा हाक मारायची नसते. मी त्या कागदावर माझा शिक्का उठवला. तो वाकडा उठला, तर सासूबाईंनी दुसरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "नीट उठव." मी नीट उठवला. पुढे नवऱ्याने दुसरं लग्न केलं. पोराला आई मिळाली, आणि मी कागद पाळत राहिले. बारा वर्षं.

एक गोष्ट मात्र त्या घरात माझी राहून गेली होती. हिबिकी हे नाव. हिबिकी म्हणजे घुमणारा नाद. सासूबाईंना नावात आजोबांचं अक्षर हवं होतं. तेवढ्या एकाच भांडणात मी जिंकले होते.

तो चार वर्षांचा असताना आमचा एक खेळ होता. सासूबाई बाजारात गेल्या की मी भात वाढायची लाकडी पळी तोंडापुढे धरायची आणि पुकारायची, "पहिला फलंदाज, पिचर, हिबी-कुन!" आणि हा न्हाणीघरातून ओल्या अंगाने पळत यायचा, सरळ उभा राहायचा, उजवा हात कानाला चिकटवून वर करायचा आणि ओरडायचा, "हाइ!" बालवाडीत हजेरीला देतात तसं. मग अख्खा पांढरा मुळा बॅट म्हणून घ्यायचा. एकदा त्याने तो दारावर आपटून दोन तुकडे केले. रात्रीच्या सारात मुळा का नाही, याची चौकशी तीन दिवस चालली होती.

हे सगळं सरांना माहीत होतं. त्यांनी यादी बाजूला ठेवली, चष्मा पुसला.

"त्या कागदात भेट नाही, पत्र नाही, फोन नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आवाजाचं काही लिहिलंय?"

"नाही."

"मग तुझ्या सासूबाई चुकल्या," सर म्हणाले. "बंदरावरची माणसं. मासळीच्या सौद्यात अशी चूक करायची नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो मैदानात आला. शाळकरी पोरांची डोकी तासलेली असतात, सगळी सारखीच दिसतात, आणि मी पाठीवरचा पाच आकडा शोधत बसले. आकड्याच्या वर मान होती. कानामागे उन्हाने काळपटलेली, लांब. मी ती मान ओळखली नाही. ओळखेन असं मला बारा वर्षं वाटत आलं होतं, आणि ओळखली नाही. 

बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"चौथा फलंदाज, थर्ड बेस, काडोवाकी-कुन."

मैदानाच्या चारही कोपऱ्यांतून माझा आवाज परत आला, आणि त्यात काय होतं? काडोवाकी. सासूबाईंचं आडनाव. ज्या घराने मला फाटकाबाहेर ठेवलं त्या घराला मी हजार माणसांपुढे मानाने हाक मारली, आणि नियमाप्रमाणे ती गोडच मारली. दिवसभरात चार वेळा. चौथ्या वेळी सर वहीत तोंड घालून हसत होते.

"हसा. तुमचं काय जातंय?"

"अगं, बाईसुद्धा बसल्यात वर, छत्री घेऊन. त्यांना वाटत असेल, काय मान आहे आपल्या घराचा!"

मिनातो-निशी दुसऱ्या सामन्यात हरली. माझ्या वाट्याला सात हाका आल्या. सातही आडनावाच्या.

मे महिन्यात दरवर्षीसारखा व्यावसायिकांचा एक सामना आमच्या मैदानावर झाला. पहिल्या फळीचे संघ आमच्या आडगावात फिरकत नाहीत; दुसऱ्या फळीचे येतात, होतकरू आणि उतरणीला लागलेले असे मिसळून. त्या दिवशी मी अठरा जणांची नावं पूर्ण पुकारली आणि प्रत्येकाचा हेवा केला. कुणाच्या तरी आईने ठेवलेलं नाव मी फुकट उच्चारत होते, आणि मी स्वतः ठेवलेलं मला उच्चारता येत नव्हतं. घरी, गाडीत, पाणी खात्याच्या जिन्यात मी ते म्हणू शकत होते, म्हणतही होते. पण त्याच्या कानावर पडेल असं म्हणायचं तर ती एकच जागा होती आणि तिथे नियम होता.

सामना संपल्यावर, माईक बंद आहे ना हे दोनदा बघून, मी हळूच म्हटलं, "काडोवाकी हिबिकी."

"दिवा बंद असताना सगळेच शूर," सर वही मिटत म्हणाले. मग जरा वेळाने, "पोराच्या हातात जोर आहे. वसंतात पगारी संघांची दोन माणसं त्याच्यासाठी आली होती, टोप्या खाली ओढून बसलेली. ऑक्टोबरच्या निवडीत कुणी त्याला उचललं, तर तो इथे पगारी खेळाडू म्हणून येईल. मग घे की पूर्ण नाव, हवं तेवढं."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. पोरगा व्यावसायिक व्हावा. त्याचं भलं व्हावं म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू. मला त्याचं नाव घ्यायचं होतं म्हणून. त्याने ऐकावं आणि ते मी ठेवलेलं नाव आहे हे त्याला माहीत नसलं तरी चालेल, इतपत मी खाली आले होते.

नियमाला एक पळवाट होती, आणि जुलैमध्ये ती समोर उभी राहिली. एकाच संघात एका आडनावाचे दोघं असले तर शाळेच्या सामन्यातही पूर्ण नाव घ्यावं लागतं. उन्हाळी स्पर्धेची यादी आली आणि क्रमांक वीसवर, पहिल्या वर्षाचा एक पोरगा होता: काडोवाकी रेन. बंदरावर काडोवाकी पैशाला पासरी. मी यादी तीनदा वाचली आणि उठून खिडकी उघडली. काडोवाकी हिबिकी-कुन! नाव आणि वर 'कुन'सुद्धा. घरी म्हणायची त्यापासून हातभर अंतरावर.

त्या रात्री मी मध घालून कोमट पाणी प्यायले आणि कुणाशीही बोलले नाही. सकाळी नवा ब्लाउज घातला. काचेच्या खोलीत कोण बघणार होतं, पण घातला.

सामन्याच्या तासभर आधी संघटनेचे निशिओसाहेब कागद घेऊन आले. "मिनातो-निशीत एक बदल आहे. क्रमांक वीस. काल सरावात बोट मोडलं बिचाऱ्याचं. त्याच्या जागी योकोगी."

"कुठलं बोट?" मी विचारलं.

"अं?"

"कुठलं बोट मोडलं? नऊ डाव राखीव बाकावर बसायला बोट कशाला लागतं?"

 सरांनी मध्ये तोंड घातलं, "तिला पोरांची फार काळजी असते हो." निशिओसाहेब गेल्यावर सर मला म्हणाले, "पहिल्या वर्षाचं पोर आहे ते. त्याच्या आईला आज काय वाटत असेल?" आणि मला माझी लाज वाटली. पण कमीच वाटली.

उन्हाळी स्पर्धा म्हणजे एक हार आणि संपलं. तिसऱ्या वर्षाच्या पोरांचा शाळेचा बेसबॉल त्या हारीबरोबर सुटतो. आमचा जिल्हा देशात सगळ्यांत लहान, तेवीस शाळा. बाहेरचे लोक थट्टा करतात की तोत्तोरीत झोप लागली तरी जाग येईपर्यंत कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेला पोचता. मिनातो-निशीने दोन सामने जिंकले. प्रत्येक विजयाने मला आणखी चार हाका मिळत होत्या, आणि मी दुसऱ्या संघाच्या पोरांना पुकारतानाही आवाज तसूभर हलू दिला नाही. याचा मला अभिमान आहे. तेवढाच आहे.

उपांत्य सामन्यात सर अचानक म्हणाले, "एक बघितलंस का? बाकीची पोरं नाव संपायच्या आत फलंदाजाच्या रेघेत पाय टाकतात. हा थांबतो. 'कुन' संपल्याशिवाय पाय टाकत नाही."

"शिस्तीचा असेल."

"हो. आजी कडक आहे."

मग शेवटचा, नववा डाव आला. एका धावेने मागे, दोन बाद, दोघं बेसवर, आणि पाच क्रमांक बॅट घेऊन निघाला. मला कळलं की ही शेवटची हाक असू शकते. बोट बटणावर होतं आणि तोंडात पूर्ण नाव तयार होतं, गोळीसारखं जिभेखाली. चूक झाली म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांत एक चूक कुणाला माफ नसते? पण अशा वेळी पोरगा दचकला तर? हात चुकला तर? एकदा माझ्यापायी तो दवाखान्यात एकटा पडला होता. मी नाव गिळलं.

"चौथा फलंदाज, थर्ड बेस, काडोवाकी-कुन."

तो थांबला होता. मग त्याने पाय टाकला. तिसरा चेंडू त्याने उजवीकडे उंच मारला, सगळे उठून उभे राहिले, आणि कुंपणापाशी एका पोराने तो झेलला. भोंगा वाजला. पोरं रांगेत वाकली, आणि वर येताना त्यातली निम्मी रडत होती. तो रडत नव्हता. तो दुसऱ्याची टोपी उचलून देत होता.

मी वरच्या मजल्यावर बायकांच्या मोरीत जाऊन खिडकीला उभी राहिले. खाली बसजवळ पालक जमले होते. निळ्या टोपीच्या एका बाईने त्याला जवाच्या गार चहाची बाटली दिली, त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून काहीतरी म्हणाला. ती बाई रडायला लागली तसा तिच्या पाठीवर त्याने हात ठेवला. चांगली बाई असावी. मला ती चांगली असल्याचा राग आला. शेजारी घडीच्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, पंखा हलवत. त्यांनी मान वर केली, नेमकी माझ्या खिडकीकडे. पंखा थांबला. मी हलले नाही. मग त्यांनीच मान खाली घातली आणि पोराला काही न सांगता पंखा पुन्हा हलवायला लागल्या.

सप्टेंबरभर मी रोज सकाळी पाणी खात्याच्या संगणकावर एक यादी उघडत असे. ज्या शाळकरी पोरांना व्यावसायिक व्हायचं असतं त्यांनी आधी अर्ज द्यावा लागतो, आणि त्यांची नावं लागतात. अठराव्या दिवशी त्याचं लागलं. त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पाण्याचं बिल चुकून दुसऱ्या गल्लीला पाठवलं.

निवडीच्या संध्याकाळी सर आणि मी मैदानाच्या कचेरीत टीव्हीपुढे बसलो, पेअरच्या फोडी चिरून. मोठी नावं गेली, मधली गेली. एकेक संघ 'निवड पूर्ण' म्हणत उठला. शेवटी सगळेच उठले. मी फोडींवर झाकण ठेवलं.

"कुठे निघालीस? शिकाऊ उरलेत अजून."

शिकाऊ खेळाडू म्हणजे संघाच्या उंबऱ्यावरची माणसं. पाठीवर तीन आकडी क्रमांक, पगार बेताचा, आणि पहिल्या फळीच्या सामन्यात खेळायची मुभा नाही. सरांनी फोन वहीला टेकवून उभा केला. चाळीस मिनिटं गेली. आणि मग त्या फोनमधून कुणा परक्या माणसाच्या जाड्याभरड्या आवाजात आलं, "काडोवाकी हिबिकी. थर्ड बेस. मिनातो-निशी शाळा."

सरांनी टाळी वाजवली. मी वाजवली नाही. माझ्या आधी दुसऱ्याच कुणी ते म्हटलं होतं, तेही घाईत, पुढचं पान उलटता उलटता.

"अगं, रडतेस काय?"

"त्याने 'बि'वर जोर दिला. तसं नाहीये ते."

फेब्रुवारीत तो अठरा वर्षांचा झाला. कागदाला अजून दोन वर्षं होती. कायद्याने आता अठरालाच सज्ञान होतात, पण कागदात वीस लिहिलं होतं आणि शिक्का माझा होता.

या वर्षीचा सामना पावसाच्या अंदाजामुळे पुढे ढकलला आणि जूनमध्ये झाला. जांभळ्या टोप्यांचा त्याचा संघ आला. यादीत सगळ्यांत खाली, राखीवांत, क्रमांक एकशे सत्तावीस. मी आठ दिवस नाव घोकत होते. आडनाव, छोटासा थांबा, नाव. मागे काही नाही. पाणी खात्यातल्या पोरी म्हणायला लागल्या, मिवाकोताई पुटपुटतात.

पहिला डाव गेला, तिसरा गेला, सातवा गेला. एकशे सत्तावीस बाकावरून उठून फक्त दुसऱ्यांच्या बॅटा गोळा करत होता. केस वाढले होते. आता कानामागून ती मान मला ओळखू येत होती. गेल्या उन्हाळ्याने तेवढं दिलं होतं.

"नाही खेळवत आज," मी म्हटलं.

"भूगोलाचा नियम आहे," सर म्हणाले, "नदी उतार सोडत नाही. गप बस."

"हा कुठला नियम?"

"मला तरी कुठे माहीत आहे? तू गप बसावीस म्हणून म्हटलं."

नवव्या डावात त्याचा संघ पाच धावांनी मागे होता, दोन बाद होते, लोक छत्र्या गोळा करून उठायला लागले होते. पंच काचेखाली आले, मुखवटा वर केला आणि जाळीतून म्हणाले, "बदली फलंदाज. एकशे सत्तावीस."

मी मान डोलावली. बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो पायऱ्या चढून उन्हात आला, हेल्मेट नीट केलं, आणि रेघेच्या बाहेर थांबला. थांबायची सवय गेली नव्हती.

"बदली फलंदाज, काडोवाकी..."

छोटासा थांबा. आणि आठ दिवस घोकलेलं नाव कुठे गेलं कोण जाणे. तोंडातून आलं,

"...हिबी-कुन!"

चारही कोपऱ्यांतून ते परत आलं. हिबी-कुन. कुन. सगळं मैदान खदखदून हसलं. पगारी खेळाडूला 'कुन', आणि तेही लाडाच्या नावाने! उठलेली माणसं पुन्हा बसली. त्याच्याच बाकावरून कुणीतरी ओरडलं, "जा रे हिबी-कुन, आई बोलावतेय!"  सव्वीस वर्षांतली पहिली चूक, आणि ती नेमकी त्याच्या कपाळी. मागून निशिओसाहेब म्हणाले, "दुरुस्ती! नोत्सुबाई, दुरुस्ती करा!"

चूक झाली की माफी मागून बरोबर नाव पुन्हा पुकारायचं, ही रीत आहे. मी काचेतून बघितलं. तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, अगदी स्थिर. बॅट जमिनीला टेकली होती. माझं बोट बटणावरून निसटत होतं, सरांनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

"क्षमस्व. दुरुस्ती करते." आवाज माझा नव्हता, पण दुसऱ्या कुणाचाही नव्हता. "बदली फलंदाज. काडोवाकी हिबिकी."

पूर्ण नाव. मागे काही नाही.

त्याने रेघेत पाय टाकायला हवा होता. तो वळला. काचेकडे तोंड करून सरळ उभा राहिला, टाचा जुळवल्या, उजवा हात कानाला चिकटवून सरळ वर केला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला,

"हाइ!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. काय गमत्या पोरगा आहे, म्हणाले असतील. पंचसुद्धा हसले. सरांनी पेन खाली ठेवलं होतं, हे मी त्यांच्या वहीच्या इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

पहिल्याच चेंडूवर तो बाद झाला. साधा, घरंगळत गेलेला चेंडू होता, पण पहिल्या बेसपर्यंत तो असा धावला, जसं तिथे कुणी थांबलंय. भोंगा वाजला नाही. व्यावसायिक सामन्यात वाजत नाही. लोक पांगले.

खाली बस उभी होती. "जा," सर म्हणाले. "दहा मिनिटं आहेत."

"कागद आहे."

"कागद गेला खड्ड्यात."

"शिक्का माझा आहे, सर. आणि तो मी नीट उठवलाय."

मी मोरीच्या खिडकीत गेले. तो बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता, आणि एकेक करून मैदानाच्या सगळ्या खिडक्या बघत होता. माझ्या खिडकीपाशी नजर आली तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्याने मला पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. काचेवर ऊन होतं.

मी घरी आले. भात लावला. स्वयंपाकघरात पळी तोंडापुढे धरून उभी राहिले आणि नुसतं नाव घेतलं, मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. एक वर्ष आठ महिने राहिलेत. एवढे काय, आता जातील.